मरणाच्या दारात मन काय म्हणतं?

(२०२४ च्या वर्षावासात आपल्या विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची भाषा शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)

 

मी काही व्याख्याता नाही. मी सातवी शिकलेला सूतगिरणीचा कामगार. जे वाचलं ते पाळी संपल्यावर, वाचनालयात बसून वाचलं. त्यामुळे बोलताना इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आज हा विषय का घेतला ते आधी सांगतो. या वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला आपल्या नांदेडात जमीन हलली. भूकंपाचं केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं, तीव्रता ४.५ होती. मार्चच्या २१ तारखेलाही असाच धक्का बसला होता. आपल्या गल्लीत भांडी वाजली, पंखे हलले, माणसं पोरंबाळं घेऊन रस्त्यावर आली. त्या दिवशी संध्याकाळी विहारात गर्दी झाली. आपल्यातल्या एक म्हाताऱ्या आई, ज्यांचे मालक तेव्हा दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, तू तर किल्लारीत गाडला गेल्ता. मरताना माणसाला काय दिसतं रं? लई तरास होतो का?" तेवढ्यात एका पोरानं मोबाईल पुढं केला. त्यात कोणी एक महाराज सांगत होते की मी मेलो, स्वर्गात जाऊन आलो, तिथं अमुक पाहिलं, म्हणून तुम्ही तमुक विधी करा.

आईंच्या प्रश्नाला मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. आणि त्या महाराजांचं ऐकून मला गप्प बसवलं नाही. म्हणून आज उभा आहे. मी स्वर्ग पाहिला नाही. पण मरणाच्या दारात साडेसहा तास पडून होतो. तिथं माझ्या मनात काय काय आलं ते, काही न लपवता आणि काही न वाढवता, सांगणार आहे.

१९९३ साल. माझं वय पंचवीस. गिरणीत लागून चार-पाच वर्षं झाली होती. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, लातूर जिल्ह्यात किल्लारीपासून जवळच्याच एका गावात दिलेली. आक्काला आणि लेकरांना काही दिवस माहेरी आणावं म्हणून मी गिरणीतून सुट्टी टाकली, एसटीनं लातूरला आणि तिथून औशावरून पुढं तिच्या गावी गेलो. २९ सप्टेंबरचा दिवस. गावात गणपती विसर्जन होतं, रात्री उशिरापर्यंत ढोल वाजत होते. दमलेला गाव झोपी गेला.

आता घराचं सांगतो, कारण त्यात एक धडा आहे. वस्तीतली बहुतेक घरं कुडाची, पत्र्याची, पाचटाची होती. पण दाजींनी सात वर्षं ऊसतोड करून, पै-पै जोडून दगडामातीचं दोन खणांचं माळवद बांधलं होतं. दीड हात जाड भिंत, वर सागवानी तुळया, त्यावर किलचान आणि त्यावर मातीचा जाड थर. दाजींना त्या घराचा फार अभिमान. म्हणायचे, "पाटलाचं माळवद तसं आपलं माळवद. आपुन काय कमी हावं का?" त्यात त्यांचं काय चुकलं? माणसानं ताठ मानेनं राहावं हे बाबासाहेबांनीच शिकवलं. पण दगड आणि माती ही मान बघत नाही.

३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. शास्त्रज्ञ त्या भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ सांगतात. जपानसारख्या देशात एवढ्या धक्क्यात फार थोडी माणसं जातात. आपल्याकडं लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत बावन्न गावं भुईसपाट झाली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंपानं कमी मारलं, माळवदानं जास्त मारलं. गावकुसाबाहेरच्या हलक्या झोपड्यांतली कित्येक माणसं त्या रात्री वाचली आणि वाड्यांतली गेली. ज्या गरिबीनं आम्हाला जन्मभर पावसात भिजवलं, तिनं त्या एका पहाटे पुष्कळांना जगवलं.

आक्का तान्ह्या मुलीला घेऊन बाहेर पडवीत झोपली होती, लेकरू रात्री किरकिर करत होतं म्हणून. दाजी दाराशी होते. आत कणगीच्या आडोशाला मी, आणि माझ्या शेजारी माझा सात वर्षांचा भाचा. मामा आला म्हणून हट्टानं माझ्याजवळ झोपलेला.

मला जाग आली ती आवाजानं. पहिला विचार काय आला सांगू? मला वाटलं मी गिरणीत आहे आणि ब्लोरूममधलं मशीन फुटलं. मी मनात म्हणालो, "आता सुपरवायझर बोंबलणार." जमीन फाटत होती आणि मी सुपरवायझरची चिंता करत होतो! मग वर तुळई करकरली. तो करकर आवाज मला फार लांब, फार सावकाश ऐकू आला. तो संपेपर्यंत दोन बिड्या ओढून झाल्या असत्या असं वाटलं. खरं तर दोन-चार सेकंद असतील. मग अंधार. तोंडात माती, नाकात माती. एक तुळई तिरपी पडून कणगीवर टेकली होती. तिच्याखाली हातभर पोकळी राहिली आणि त्या पोकळीत माझं डोकं आणि छाती. कमरेखाली मी गच्च गाडलेला.

भाचा माझ्या उजव्या अंगाला होता. मला दिसत नव्हता, पण आवाज येत होता. तो थोडा वेळ माझ्याशी बोलला. काय बोलला ते मी शेवटी सांगेन. ते सांगायला मला तीस वर्षं लागली आहेत, अजून थोडा वेळ द्या.

त्याचा आवाज थांबल्यावर मी एकटा राहिलो. पहिल्यांदा मी ओरडलो. घसा बसला. मग भीती आली, अशी की अंगातलं रक्त थंड पडावं. मग भीतीही दमली. त्यानंतर जे विचार आले ते ऐकून तुम्हाला हसू येईल. गिरणीतल्या एका मित्राचे दोनशे रुपये माझ्याकडं होते. आम्हा दोघांशिवाय ते कोणाला माहीत नव्हतं. मला एकच लागून राहिलं की मी मेलो तर त्याचे पैसे बुडाले, आणि तो बिचारा माझ्या आईकडं मागायचाही नाही. मग सायकल. नांदेडच्या बसस्टँडवर सायकल लावून आलो होतो, तिची चावी माझ्या खिशात, आणि खिसा मातीखाली. आता कुलूप तोडावं लागणार. मग आईनं सांगितलेलं, "आक्काला अंबाडीची भाजी देऊन ये", ती पिशवी मी एसटीतच विसरलो होतो. या एवढ्याशा गोष्टी, बांधवांनो. सगळं आयुष्य डोळ्यांपुढून सरकतं म्हणतात. माझ्यापुढून माझं देणं-घेणं सरकलं.

असं किती वेळ गेलं माहीत नाही. श्वास जड झाला. डोकं हलकं झालं. आणि मग ते आलं ज्याबद्दल लोक विचारतात. खोटं बोलणार नाही. मला उजेड दिसला. पांढरा, थंड, डोळ्यांना न टोचणारा. त्या उजेडात गिरणीचं फाटक होतं आणि फाटकाशी माझे वडील उभे होते. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेही गिरणी कामगार. खाकी हाफ पँट, डोक्याला कापसाची भुरकी, हातात जेवणाचा डबा. काही बोलले नाहीत, नुसती वाट बघत होते. अंगातलं दुखणं सगळं थांबलं होतं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. आत जावं, डबा सोडावा, दोघांनी बसून खावं असं वाटलं. तेवढ्यात भोंगा वाजला. लांबलचक भोंगा. आणि मला वाटलं, पाळी सुटली, आता बाहेर जायचं.

तो भोंगा नव्हता. वर बाया रडत होत्या. त्यांचा आवाज मातीतून माझ्यापर्यंत भोंग्यासारखा येत होता. मी हातात आलेला दगड तुळईवर आपटला. ते ऐकून वस्तीतल्या माणसांनी कुदळी सोडून हातांनी माती उकरली आणि साडेदहाच्या सुमाराला मला बाहेर काढलं. ज्यांच्या झोपड्या शाबूत होत्या तीच माणसं आधी आम्हाला काढायला आली, आणि आम्हाला काढून झाल्यावर तीच गावात गेली. ज्या विहिरीवर त्यांना पाणी शेंदू दिलं जात नव्हतं, त्या विहिरीशेजारच्या वाड्यांतून त्यांनी माणसं काढली. पुढं पाऊस आला, सैन्य आलं, मदत आली. शेजारच्या मंगरूळला अठरा महिन्यांची एक मुलगी तर पाच दिवसांनी जवानांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढली. दाजींचा एक पाय गेला. भाचा गेला.

बरा झाल्यावर मला एक खोड लागली. मरणाच्या दारातून परत आलेला कोणी भेटला की मी त्याला विचारायचा, "तुला काय दिसलं?" किल्लारी भागातली माणसं, गिरणीत विजेचा धक्का बसलेला एक सोबती, बाळंतपणात रक्त जाऊन बेशुद्ध पडलेली एक बाई, गोदावरीत बुडता बुडता काढलेला एक पोरगा. एक बाई म्हणाली, "चुलीवर दूध ठिवलं होतं, उतू जाईल असं वाटत व्हतं." एक म्हातारा म्हणाला, "दावणीला बैल बांधलेला, त्याला कोण सोडंल?" बुडणारा पोरगा म्हणाला, "पाण्यात शांत वाटलं, मायचा आवाज आला." विजेचा धक्का बसलेला सोबती म्हणाला, "काहीच नाही. दिवा विझला आणि दवाखान्यात लागला." एकानं मात्र सांगितलं की दोन काळे माणसं आले, दोरी घालून नेऊ लागले. तो गावात कीर्तनाला नेमानं जाणारा माणूस होता.

मग वाचताना कळलं की जगात यावर मोठा अभ्यास झाला आहे. स्वित्झर्लंडचे अल्बर्ट हाइम नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ होते, म्हणजे जमिनीचाच अभ्यास करणारे. १८७१ साली ते आल्प्सच्या डोंगरात कड्यावरून पडले आणि वाचले. पुढं त्यांनी असे पडून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव गोळा केले आणि १८९२ मध्ये छापले. पडताना त्यांच्या मनात काय आलं? चष्मा काढून फेकावा, नाहीतर काच डोळ्यांत जाईल. आणि पाच दिवसांनी विद्यापीठात व्याख्यान द्यायचं होतं, ते आता राहिलं! हे वाचलं तेव्हा मला माझे दोनशे रुपये आठवले. कुठं तो युरोपातला प्राध्यापक आणि कुठं मी सूतगिरणीचा कामगार. मरणाच्या दारात मन दोघांचं सारखंच.

१९७५ मध्ये रेमंड मूडी या अमेरिकन माणसानं अशा अनुभवांवर पुस्तक लिहिलं आणि उजेड, बोगदा, गेलेले नातेवाईक या गोष्टी जगभर गाजल्या. पण नुसत्या गोष्टींनी काय होतं? मोजलं पाहिजे. हॉलंडमध्ये पिम वान लोमेल या हृदयरोगतज्ज्ञानं दहा रुग्णालयांतल्या ३४४ रुग्णांना विचारलं. या सगळ्यांचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेलं होतं. त्यांपैकी ६२ जणांनी असा काही अनुभव सांगितला. हे २००१ मध्ये छापून आलं. लोक ६२ चा आकडा सांगतात. मी उरलेला आकडा सांगतो. २८२ जणांना काहीच आठवत नव्हतं. म्हणजे उजेड सगळ्यांना दिसत नाही, बहुतेकांना नुसती गाढ झोप.

आणि आपल्या देशातलं सांगतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. सतवंत पसरीचा यांनी इयान स्टीव्हन्सन यांच्याबरोबर भारतातल्या अशा सोळा अनुभवांचा अभ्यास १९८६ मध्ये छापला. त्यात काय आढळलं? आपल्याकडच्या माणसांना यमदूत येऊन घेऊन जातात, एका माणसापुढं उभं करतात, त्याच्याजवळ वही असते, तो वही बघून म्हणतो, "अरे, चुकीचा माणूस आणला, याला परत सोडा." अमेरिकेतल्या माणसांना असा कारकून भेटत नाही. ते आपलंच शरीर वरून बघतात, त्यांना त्यांचे नातेवाईक किंवा त्यांच्या धर्माचे देवदूत भेटतात. आता विचार करा. परलोक जर एकच असेल, तर अमेरिकेच्या माणसाला एक कचेरी आणि भारताच्या माणसाला दुसरी कचेरी कशी? आणि मला तर ना यम दिसला ना देवदूत. मला गिरणीचं फाटक दिसलं. ज्याच्या घरात जे सामान, तेच त्याला अंधारात चाचपडताना हाताला लागतं. मनाचंही तसंच.

उजेडाचं काय मग? आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला समजावलं, की मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडला की नजर कडेनं मिटत जाते, मधे उजेड राहतो. अंगात दुखणं दाबणारी द्रव्यं सुटतात, म्हणून शांत वाटतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदरांवर प्रयोग केला. हृदय थांबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूत एक जोराची लहर उठली. विझण्याआधी वात मोठी होते तशी. २०२३ मध्ये त्यांनी मरणाऱ्या चार माणसांच्या मेंदूच्या नोंदी तपासल्या. दोघांत तशी लहर सापडली, दोघांत सापडली नाही. त्या दोघांनी काय पाहिलं हे सांगायला ते परत आले नाहीत. म्हणजे विज्ञानाचं काम अजून चालू आहे आणि विज्ञान ते प्रामाणिकपणे कबूल करतं. जो सगळं माहीत आहे म्हणतो आणि वर दक्षिणा मागतो, त्याच्यापासून सावध राहा.

एक गोष्ट साधी आहे. हे सगळे अनुभव सांगणारे लोक मेलेले नव्हते. मरणाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. दार उघडून पलीकडं कोणी गेलं नाही. म्हणून माझ्या उजेडावरून आत्मा सिद्ध होत नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याची कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. आपण वर्षावासात तोच ग्रंथ वाचतो आहोत. मग माझा अनुभव धम्माच्या विरुद्ध आहे का? मला बरेच दिवस हा प्रश्न टोचत होता. माझी आई म्हणायची, "तुझ्या बापानं तुला वाचवलं, देवीला नवस फेड." मी म्हणालो, "माय, बापानं वाचवलं नाही, वस्तीच्या माणसांनी वाचवलं. फेडायचं तर त्यांचं फेडू." वडील दिसले ते माझ्या मनातले होते. पण त्यामुळं ते खोटे होत नाहीत. मनात होते म्हणूनच दिसले. तेवढं मला पुरतं.

आता दोन थोर उदाहरणं सांगतो.

१९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामानं खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. तिथल्या टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवायला नकार दिला. शेवटी तोडगा निघाला. टांगा द्यायचा, पण हाकायचा आपल्याच माणसानं. आपल्या माणसाला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक दगडाला धडकलं आणि बाबासाहेब खाली फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत गेला. बाबासाहेब बेशुद्ध झाले, पाय मोडला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी काय केलं? मला देवानं वाचवलं असं म्हटलं नाही. हे असं का घडलं याची त्यांनी चौकशी केली. आणि त्यांना कळलं की बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला उच्च समजतो, त्या भेदापायी आपला जीव जाणार होता. त्यांच्या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. मरणाच्या दारातून आल्यावर कारण शोधायचं, ही बाबासाहेबांची शिकवण. किल्लारीचं कारण पाप नाही, कोप नाही. जमिनीतला ताण हे कारण, आणि दगडामातीचं जड घर हे कारण.

दुसरं उदाहरण तथागतांचं. ऐंशीच्या घरात असताना, शेवटच्या वर्षावासात, वैशालीजवळ बेलुव गावी ते फार आजारी पडले. मरणप्राय वेदना होत्या. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं? स्वतःचं काही नाही. आपल्या माणसांशी न बोलता, संघाचा निरोप न घेता जाणं बरं नाही, असं आलं. त्यांनी निश्चयानं ते दुखणं बाजूला सारलं. बरे झाल्यावर आनंदाला सांगितलं की मी आता जुन्या गाड्यासारखा झालो आहे, बांधून-बांधून चालवायचा. आणि तुम्ही आता स्वतःच स्वतःचा दीप व्हा. मरणाच्या दारात ज्याच्या मनात दुसऱ्याचा विचार येतो तो खरा. मला माझ्या मित्राचे दोनशे रुपये आठवले, त्या बाईला दूध, त्या म्हाताऱ्याला बैल. तेव्हा मला वाटायचं, हे काय क्षुद्र विचार. आता वाटतं, ते क्षुद्र नव्हते. आपण कोणाचं काय लागतो, आपल्यावर कोण अवलंबून आहे, हेच शेवटी वर येतं.

आता भाच्याचं सांगतो.

अंधारात तो आधी रडला. मी म्हणालो, "भिऊ नको, मामा हाय." त्यानं पाणी मागितलं. मी म्हणालो, "उजाडलं की देतो." थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "मामा, उद्या शाळा हाय का?" मी म्हणालो, "न्हाई रे. उद्या सुट्टी हाय." तो म्हणाला, "मग झोपतो." आणि झोपला.

आक्कानं मला कितीदा विचारलं असेल. "तुझ्याजवळ होता तो. काही बोलला का?" प्रत्येक वेळी मी सांगितलं, "न्हाई आक्का. झोपेतच गेला." मला वाटायचं, तो जागा होता, तहानलेला होता, हे तिला कळलं तर ती उरणार नाही. आणि पाणी देतो म्हणून मी दिलं नाही, हे माझ्या गळ्यात अडकलेलं. रात्रपाळीला मशीनच्या आवाजात मला तोच आवाज यायचा. बायकोलाही कधी सांगितलं नाही. मी चळवळीत भाषणं करत होतो, लोकांना निर्भय व्हा म्हणत होतो, आणि सख्ख्या बहिणीसमोर भीत होतो.

गेल्या वर्षी ३० सप्टेंबरला त्या घटनेला तीस वर्षं झाली. मी आक्काकडं गेलो आणि पंचशील घेतल्यावर तिला सगळं सांगितलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते म्हणताना दरवेळी माझी जीभ अडखळायची. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे भ्यालेला नव्हता शेवटी." मी म्हणालो, "न्हाई." ती म्हणाली, "मला वाटत व्हतं एकटाच व्हता. तू व्हतास." आणि मग उठून तिनं मला पाणी दिलं. आक्काच्या परवानगीनंच हे आज सांगतो आहे.

म्हणून त्या आईंना माझं उत्तर असं. आई, मरताना काय दिसतं ते ज्याचं त्याला. कोणाला उजेड, कोणाला काहीच नाही. पण शेवटी त्रास विरतो असं परत आलेल्या पुष्कळांनी सांगितलं, मीही सांगतो. तुम्ही मालकांजवळ बसा. हात धरा. त्यांना ऐकू येत नाही असं समजू नका. माझ्यापर्यंत दोन पुरुष मातीतून आवाज आला होता. देणं-घेणं विचारा, "काळजी करू नका, मी बघते" म्हणा. धागादोरा, होमहवन यावर पैसा घालू नका.

आणि तरुणांना तीन गोष्टी सांगतो. एक, घर बांधताना मातीचं ओझं डोक्यावर घेऊ नका. विटांच्या भिंतींना सळई-काँक्रिटचे आडवे पट्टे घाला आणि जाणकाराला विचारून बांधा. आपल्या भागात जमीन हलते हे या वर्षी दोनदा कळलं आहे. दोन, कोणाचं हृदय बंद पडलं तर रडत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दर वेळी छाती पाच सेंटीमीटर तरी खाली गेली पाहिजे. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आपल्या विहारात याचं शिक्षण ठेवावं अशी समितीला माझी विनंती आहे. तीन, मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला हसू नका, आणि त्याला देवही करू नका. त्याला बोलू द्या. माझ्यासारखं तीस वर्षं गाठोडं घेऊन फिरायची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नका.

राहता राहिले ते दोनशे रुपये. बरा होऊन नांदेडला आलो तेव्हा पहिल्यांदा तेच फेडले. मित्र म्हणाला, "अरे, मी विसरलोच होतो." सायकल मात्र बसस्टँडवरून कोणी तरी नेली होती.